आधी स्प्रॉकेट, मग इंजिन : फोर-स्ट्रोक चासीत टू-स्ट्रोक बसवायला घेताना

कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या मामांकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या हातात यामाहा आरएक्स १३५ या टू-स्ट्रोकचं इंजिन होतं आणि डोक्यात हिरो इम्पल्स या फोर-स्ट्रोकची चासी. मामांनी इंजिनाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मापं आणलीस का नुसतीच हौस आणलीस?" मापं नव्हती. त्या दिवशी परत आलो, पण ती गाडी मी तरीही चुकीच्याच क्रमानं बांधली. आधी इंजिन चासीत 'कुठंतरी' बसवलं आणि मग बाकीचं त्याला जुळवत बसलो. चार मिलिमीटरनं चेन तिरकी गेली आणि नवा स्प्रॉकेट एका उन्हाळ्यात करवतीच्या पात्यासारखा झाला.

म्हणून हे सगळं लिहितोय ते पहिल्यांदाच अशी गाडी बांधायला घेणाऱ्यांसाठी. टॉप एंड (हेड-सिलिंडर-पिस्टनचा वरचा भाग) उघडून परत लावता येतो, बारीक मापाचा व्हर्नियर वाचता येतो, एवढं येत असेल तर पुढचं जमेल.

ही हौस आपलीच नाही. अमेरिकेत होंडाच्या सीआर ५०० आर या ४९१ सीसीच्या टू-स्ट्रोकचं उत्पादन २००१ मध्ये थांबलं. तिची लोखंडी चासी तोवर जुनाट झाली होती, पण इंजिनाची धमक कुणाच्या डोक्यातून जाईना. मग लोकांनी ते इंजिन होंडाच्याच नव्या अ‍ॅल्युमिनियम चासीत बसवायला सुरुवात केली, पुढे सीआरएफ ४५० सारख्या फोर-स्ट्रोकच्या चासीतसुद्धा. हिशेब साधा आहे. नव्या चासीचं सस्पेन्शन आणि वळण चांगलं, तर टू-स्ट्रोकचं इंजिन हलकं, त्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, आणि पिस्टन-रिंग घरच्या ओट्यावर बदलता येते. आपल्याकडे तोच खेळ छोट्या आकारात चालतो.

रस्त्यावर नाही

हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर वाद नको. अशी गाडी रस्त्यावर चालवायची नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर शिक्कामोर्तब केलं. कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. एमएच-१० ची पाटी तशीच ठेवली म्हणून गाडी कायदेशीर होत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करणार. गाडी छोट्या हत्तीत घालायची आणि स्वतःच्या रानात, ओळखीच्या माळावर किंवा परवानगी असलेल्या ट्रॅकवर न्यायची. दंडोबा डोंगराच्या वनहद्दीत शिरू नका. साताऱ्याकडचे असाल तर कास पठाराचं नावही काढू नका.

कागदांचं आणखी एक. जुन्या बाजारात इंजिन घेताना नंबर खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर कितीही स्वस्त असलं तरी तिथून निघा. विक्रीची चिठ्ठी आणि मूळ आरसीची झेरॉक्स घ्या. आणि ज्या आरएक्स १०० चे कागद शाबूत आहेत, जी एका किकमध्ये चालू होते, ती या कामासाठी कापू नका. १९८५ ते १९९६ एवढीच ती बनली. चासी गंजलेली, कागद हरवलेले, पण इंजिनात जीव आहे अशी गाडी शोधा.

कुठलं इंजिन, कुठली चासी

पहिल्या गाडीला आरएक्स १३५ चं इंजिन घ्या, पाच गिअरचं मिळालं तर उत्तम. ५८ मिमी बोअर, ५० मिमी स्ट्रोक, १३२ सीसी. एअर-कूल्ड असल्यामुळे रेडिएटरची कटकट नाही, आणि पार्ट सांगलीच्या शंभर फुटी रोडवर हिंडलात तर मिळून जातात. आरएक्स १०० चंही चालेल, पण इम्पल्ससारख्या अंगाच्या गाडीला ते ९८ सीसी जरा धापा टाकतं. येझदीचं इंजिन मोहात पाडतं, पण त्याची किक आणि गिअर एकाच दांड्यावर, तेही डावीकडे. ते चासीशी आणि फूटपेगशी भांडतं. पहिल्या खेपेला नको.

चासी बघताना एकच प्रश्न विचारा : इंजिन काढलं तर खालून चासी बंद राहते का? क्रेडल चासीत नळ्या इंजिनाखालून जातात, त्यामुळे इंजिन काढलं तरी सांगाडा ताठ असतो. डायमंड चासीत पुढची नळी खाली येऊन थांबते आणि पुढचं काम इंजिनच करतं, म्हणजे इंजिन हाच चासीचा तुकडा. अशा चासीत छोटं इंजिन पातळ पट्ट्यांवर लटकवलंत तर पहिल्याच उडीला पुढची नळी आणि पट्टी एकमेकांपासून फारकत घेणार. तिथे खालून नवा पाळणा बांधावा लागतो, आणि ते नवख्याचं काम नाही.

इंपोर्टेड मोटोक्रॉसची अ‍ॅल्युमिनियम चासी हाती लागली तर तिच्यावर वेल्डिंग करू नका. ते अ‍ॅल्युमिनियम हीट-ट्रीट केलेलं असतं, वेल्डिंगच्या आजूबाजूचा भाग मऊ पडतो आणि चिरा तिथूनच सुरू होतात. मूळ भोकांना बोल्टनं धरणाऱ्या प्लेटा बनवायच्या.

जुनं इंजिन उतरवायच्या आधी

इथे घाई केलीत तर बाकी सगळं वाया. चासीत मूळ इंजिन आहे तोवरच खरी मापं मिळतात. म्हणून नुसती रिकामी चासी विकत घेण्यापेक्षा बंद पडलेल्या इंजिनासकट घेतलेली बरी.

गाडी स्टँडवर सरळ उभी करा, मागचं चाक चासीत नीट मध्यावर आहे का बघा. मग एक जाड पुठ्ठा घ्या, फ्रीजच्या खोक्याचा चांगला. स्विंगआर्म म्हणजे मागचं चाक धरणारा हलता हात; तो ज्यावर फिरतो त्या पिव्हट बोल्टचं भोक त्यावर पाडा आणि तो पुठ्ठा बोल्टवर अडकवा. आता पुढच्या स्प्रॉकेटच्या शाफ्टचा मध्य पुठ्ठ्यावर टोकदार पेन्सिलीनं मारा. चासीची एखादी नळीही पुठ्ठ्यावर आखून घ्या, म्हणजे पुठ्ठा नंतर त्याच कोनात परत लावता येईल. हा पुठ्ठा जपा. माझ्या गॅरेजच्या भिंतीवर असे तीन पुठ्ठे आजही खिळ्याला आहेत.

नव्या इंजिनाच्या स्प्रॉकेटचा मध्य बरोब्बर त्याच खुणेवर आला पाहिजे, पुढे नाही, मागे नाही, वरखाली नाही. कारण असं. मागचं चाक वरखाली होताना पुढचा शाफ्ट, पिव्हट आणि मागचा अ‍ॅक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताणलेली असते. शाफ्ट पिव्हटपासून लांब गेला की हा ढिलेपणा आणि ताण यांच्यातला फरक वाढतो. उभ्या गाडीवर चेन बरोबर वाटते आणि खड्ड्यात गेलं की ताडकन ताणून शाफ्टचं बेअरिंग खाते. शाफ्ट वरखाली झाला तर चेन स्विंगआर्मला ज्या कोनात ओढते तो कोन बदलतो, आणि थ्रॉटल दिल्यावर मागची बाजू एक तर उचलते नाहीतर बसते. कंपनीनं तो बिंदू बराच घाम गाळून ठरवलेला असतो. आपण तो फुकटात घ्यायचा.

तो बिंदू खिळा समजा. इंजिन त्या खिळ्याभोवती फिरवता येतं : पुढून थोडं वर, थोडं खाली. कार्ब्युरेटर शॉकला घासतोय, चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर एक्झॉस्ट पाईप) चासीत अडकतोय, हे सगळे प्रश्न या फिरवण्यानं सोडवायचे, सरकवण्यानं नाही. फक्त फार कलंडवू नका. कार्ब्युरेटरमधलं फ्लोट मूळ कोनाच्या आसपासच नीट काम करतं, आणि गिअर ऑइलची पातळीही बदलते.

दुसरं माप चेन लाइनचं, म्हणजे दोन्ही स्प्रॉकेट एका सरळ रेषेत असण्याचं. अ‍ॅल्युमिनियमची एक सरळ पट्टी किंवा खिडकीचा सेक्शन घ्या, मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला घट्ट टेकवा आणि पुढे इंजिनापर्यंत न्या. पुढच्या स्प्रॉकेटची तीच बाजू पट्टीला लागली पाहिजे. एक मिलिमीटरपर्यंत फरक चालवून घ्या, त्यापुढे नाही. इंजिन चासीच्या मध्यापासून पाच-सात मिमी डावीउजवीकडे गेलं तरी काही बिघडत नाही, चेन तिरकी गेली तर बिघडतं. नवखे नेमकं उलटं करतात : इंजिन दिसायला मध्यावर बसवतात आणि चेन वाकडी ठेवतात. मीही तेच केलं होतं.

चेनचा नंबरही बघून ठेवा. आरएक्सला ४२८ ची चेन लागते, मोठ्या मोटोक्रॉस गाड्यांना ५२०. दोन्हीकडचे स्प्रॉकेट एकाच नंबरचे हवेत.

पुठ्ठा, प्लायवूड, पट्टी

प्लेटा सरळ लोखंडात कापू नका. आधी पुठ्ठ्यात, मग सहा मिमी प्लायवूडमध्ये बनवा, इंजिन त्यावर खरोखर अडकवून बघा. क्रँककेसखाली लाकडी ठोकळे आणि पाचरी देऊन इंजिन हवं तिथे टेकवता येतं. वजन हलकं हवं असेल तर रिकामी क्रँककेस वापरा. प्लायवूडची प्लेट पसंत पडली की मगच तीच लेथवाल्याकडे न्या. मामांना कागदावरच्या आकड्यांपेक्षा लाकडाचा तुकडा जास्त आवडतो. म्हणाले, "हे बरं, याच्यात तुझं गणित चुकायची भीती नाही."

सहा मिमी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट पुरते. लेझर कटिंग परवडत असेल तर करा. मिरज-कुपवाडला ते अवघड नाही. भोकं मात्र ड्रिल करून रीमरनं साफ करा, गॅसनं पाडलेल्या भोकात बोल्ट कधीच घट्ट बसत नाही. बोल्ट ८.८ ग्रेडचे किंवा त्यावरचे. एम-८ ला साधारण २५ न्यूटन मीटर, एम-१० ला ५० च्या आसपास. आणि वरचा माऊंट, म्हणजे हेडपासून चासीला जाणारी पट्टी, विसरू नका. आरएक्सच्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट नाही, सगळी थरथर माऊंटवर येते.

वेल्डिंग करायचंच असेल तर टीआयजी वेल्डिंगवाल्याकडे जा. चासी क्रोम-मॉली पोलादाची असेल तर त्याला आधी सांगा, कारण फिलर वेगळा लागतो. आधी टाके, म्हणजे ठिपक्याएवढे वेल्ड, मारून घ्या, इंजिन बसवून सगळी मापं परत तपासा, मग पूर्ण वेल्ड. वेल्ड आकसतो आणि भोक मिलिमीटरभर सरकतं, ते टाक्यावर असतानाच कळतं.

टाक्यावर असतानाच अजून एक गोष्ट करा : किक मारून बघा. खरोखर बूट घालून, पूर्ण खालपर्यंत. माझ्या दुसऱ्या गाडीत किकचा दांडा अर्ध्यातच फूटपेगवर आपटायचा. रंग देऊन झाल्यावर कळलं. तसाच गिअरचा दांडा, क्लच केबलची वळणं, ड्रेन नट उघडायला पान्याला जागा. हे सगळं नंतर बघू म्हटलं की नंतर ग्राइंडरच हातात घ्यावा लागतो.

चेंबर

फोर-स्ट्रोकची चासी ही बारीक सायलेन्सर पाईपसाठी बनलेली असते. टू-स्ट्रोकच्या चेंबरचं पोट सुटलेलं, ते कुठून न्यायचं हा या कामातला सगळ्यात अवघड प्रश्न. आणि चेंबर हा नुसता धूर बाहेर काढायचा पाईप नाही. एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर पडायचं भोक, उघडलं की दाबाची लाट पुढे धावते, मागच्या शंकूवर आपटून परत येते, आणि बाहेर निसटलेलं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत सिलिंडरमध्ये परत ढकलते. लाट वेळेवर परत आली पाहिजे. लवकर किंवा उशिरा आली तर गाडी मधल्या आरपीएमला मरगळते.

त्यामुळे लांबी महत्त्वाची. पिस्टनपासून मागच्या शंकूच्या मध्यापर्यंतची लांबी काढायचा ढोबळ हिशेब असा : एक्झॉस्ट पोर्ट जितके अंश उघडं राहतं त्याला ४२,५०० नं गुणा आणि ज्या आरपीएमला ताकद हवी त्यानं भागा, उत्तर मिलिमीटरमध्ये. पोर्ट १९० अंश उघडं आणि ९००० आरपीएम धरलं तर साधारण ९०० मिमी येतं. मागे गणित एवढंच : तापलेल्या धुरात आवाजाचा वेग सेकंदाला ५१० मीटरच्या आसपास धरलेला आहे आणि लाटेला जाऊन यायचं असतं.

पण पहिल्या गाडीला शंकू स्वतः वळत बसू नका. त्याच इंजिनासाठी बनलेला तयार चेंबर घ्या. त्याच्या मध्यरेषेवर मऊ तार वाकवून लांबी मोजून ठेवा. मग जिथे वळवायचाय तिथे तिरके काप घ्या आणि काप थोडे फिरवून परत टाका. तिरका कापलेला शंकू नुसता फिरवला तरी दिशा बदलतो, हे पहिल्यांदा हातात बघताना गंमत वाटते. शेवटी तार परत लावा. लांबी तीच आली पाहिजे, पोटाचा घेर तोच राहिला पाहिजे. मागची बारीक नळी अरुंद करू नका. धूर कोंडला की पिस्टनचं डोकं तापतं.

मिरजेचे सतारवाले जवारी लावताना घोडीवर कानस फिरवतात, परत तार छेडतात, परत कानस. चेंबरचं काम मला तसंच वाटतं. एका दिवसात जुळत नाही.

जागा तपासताना पुढच्या फोर्कच्या स्प्रिंगा काढा, फोर्क पूर्ण दाबा आणि हँडल दोन्हीकडे वळवा. टायर आणि चेंबर यांच्यात दोन बोटं तरी जातात का बघा. चेंबर चासीला पक्का आवळू नका. तोंडाशी ओ-रिंग आणि स्प्रिंगा, मागे रबरी माऊंट.

पेट्रोल, हवा, वायर

चासी फ्युएल इंजेक्शनच्या गाडीची असेल तर टाकीतला पंप काढून भोकावर प्लेट बसवा आणि साधा कॉक लावा. कार्ब्युरेटरची चासी असेल तर हा त्रासच नाही. आरएक्सचं सीडीआय, म्हणजे प्लगला ठिणगी देणारा डबा, मॅग्नेटोवर (इंजिनासोबत फिरून वीज बनवणाऱ्या चाकावर) चालतं, बॅटरी लागत नाही. सीडीआय, कॉइल, किल स्विच, चांगली अर्थिंग, बस. जुनं वायरिंग हार्नेस पूर्ण काढून टाका, अर्धवट ठेवू नका.

ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून (मिश्रण) घालणार असाल तर मॅनिफोल्डवरचं ऑइलचं छोटं भोक बंद करायला विसरू नका. तिथून हवा शिरली की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि टू-स्ट्रोकमध्ये लीन म्हणजे पिस्टन जाम. लिटरला ३३ मिली टू-टी ऑइल म्हणजे ३० ला १. पहिल्या टाकीला लिटरला ४० मिली घाला. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा, झाकणानं अंदाज घेऊ नका.

आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून कार्ब्युरेटरमधलं तेच जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) आता जरा लीन पडतं. मेन जेट एक-दोन नंबर मोठं घेऊन सुरुवात करा. इथेनॉल पाणीही ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात मिश्रण त्या दिवसापुरतंच बनवा. उंचीचंही लक्षात ठेवा. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. वर पातळ हवेत जुळवलेलं जेट खाली सांगलीत आणलंत तर लीन होणार. खालचं वर नेलंत तर गाडी फक्त गुदमरते, मरत नाही.

बीपीचं मशीन

किक मारायच्या आधी गळती चाचणी. हे कुणी सांगत नाही आणि निम्मी नवी बांधलेली इंजिनं याच्याविना जातात. जुना क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या टोकाचा रबरी सील) बारीक हवा ओढत असतो, दिसत काहीच नाही. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा; जुन्या बाजारातून बीपीचं घड्याळाचं मशीन आणलं, कफ काढून टाकला. एक्झॉस्ट पोर्ट रबरानं बंद, इन्टेकवर रबरी बूच, त्यातून नळी, आणि बल्ब दाबत काटा २५० वर न्या. हे पावणेपाच पीएसआयच्या जवळ येतं, सीलला त्याहून जास्त द्यायचंही नाही. पाच मिनिटं काटा जागचा हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी फिरवा : बेस गॅस्केट, रीडचा (इन्टेकच्या झडपेचा) ब्लॉक, मॅग्नेटोमागचा सील. क्लचच्या बाजूचा सील गळत असेल तर गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून फुगे येतात.

पहिली किक आणि नंतर

दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. असं तीनदा. थंड झाल्यावर हेडचे नट परत टॉर्कला आणा. मग मैदानात, अर्ध्या थ्रॉटलवर. पहिली टाकी संपली की प्लग तपासा : पूर्ण थ्रॉटलला असताना क्लच ओढून किल स्विच दाबायचा आणि तिथेच प्लग काढायचा. गडद तपकिरी हवा. पांढरट दिसला की जेट मोठं करा, लगेच, घरी जाऊन नाही.

मिश्रणावरच्या गाडीत थ्रॉटल बंद म्हणजे ऑइल बंद. एका मोठ्या उतारावर मी थ्रॉटल सोडून गिअरवर गाडी उतरवत होतो, फोर-स्ट्रोकची सवय. खाली पोचायच्या आत मागचं चाक लॉक झालं आणि मी पाचटात. तेव्हापासून उतारावर दोन बोटं क्लचवर असतात आणि मधूनमधून थ्रॉटलची एक फुंकर देतो. इंजिन ब्रेकिंग जवळपास नसतं, म्हणून मागचे ब्रेक शूज किंवा पॅड नवे घ्या.

इंजिन हलकं झाल्यामुळे सस्पेन्शन ताठ वाटेल. बसल्यावर मागची बाजू एकूण ट्रॅव्हलच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास दबेल असा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा दाब, लावा. तरीही टणटण उडत असेल तर स्प्रिंग बदला.

पहिल्या दोन तासांनंतर सगळ्या माऊंट बोल्टांवर पांढऱ्या रंगाची रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. माझ्या गाडीत सगळ्यात आधी चेंबरच्या तोंडाची स्प्रिंग तुटली, मग हेडची पट्टी चिरली. दोन्ही सुटे पार्ट डिक्कीत ठेवा.

गाडी उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद. आणि मिश्रणाच्या कॅनवर मोठ्या अक्षरात 'ऑइल घातलंय' असं लिहा. आमच्याकडे ते लिहिलेलं नव्हतं, आणि आईची स्कूटर मंडईपर्यंत निळा धूर सोडत गेली होती.